बेळगावच्या चढउतारांवर हार्ट रेट मॉनिटर आणि सायकल कॉम्प्युटर : नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

सकाळी राइड करून आलेल्या नव्या सायकलस्वाराला सगळे एकच विचारतात, "ॲव्हरेज किती पडलं?" आमच्या भागात आधी हा प्रश्न बाजूला ठेवायला शिकावं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, सह्याद्रीला खेटून वसलेलं आहे. हिंडलग्यावरून शिनोळीकडे निघा, पिरनवाडीवरून जांबोटीकडे निघा, नाहीतर काकतीच्या पुढे वंटमुरी घाटाकडे निघा, सपाट तुकडा फार वेळ टिकत नाही. त्यात वारा. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून येतो, म्हणजे जांबोटीकडे जाताना छातीवर आणि परत येताना पाठीवर. थंडीत तोच पूर्वेकडून सुटतो आणि सांबऱ्याच्या रस्त्यावर जीव काढतो. एकच माणूस, तेवढीच मेहनत, तरी जाताना ताशी सोळा आणि येताना सव्वीस. वेगाच्या आकड्यात रस्ता, वारा, पुढे चाललेला टेम्पो असं सगळं मिसळलेलं असतं. शरीर नेमके किती कष्ट घेतंय ते कळायला हृदयाचे ठोके बघावे लागतात. म्हणून या लेखात ठोके आधी येतील आणि वेग सगळ्यात शेवटी.

आधी काय घ्यायचं

बहुतेक जण आधी मोठ्या स्क्रीनचा, नकाशे दाखवणारा कॉम्प्युटर घेतात आणि ठोके मोजणारा छातीचा पट्टा "नंतर बघू" म्हणून सोडून देतात. माझा सल्ला उलटा आहे. पैसे मोजके असतील तर आधी छातीचा पट्टा घ्या. तो ब्लूटूथवर तुमच्या मोबाइलशी जोडता येतो, मोबाइल जर्सीच्या मागच्या खिशात ठेवता येतो आणि घरी आल्यावर पूर्ण राइडचा आलेख बघता येतो. कॉम्प्युटर दोन-तीन महिन्यांनी घेतला तरी बिघडत नाही. तोवर आपल्याला त्यात काय हवं तेही कळलेलं असतं.

पट्टा घेताना एकच गोष्ट बघा, त्यावर ब्लूटूथ आणि अँट प्लस (खेळाच्या यंत्रांसाठीची ब्लूटूथसारखीच बिनतारी जोडणी) दोन्ही असावेत. अँट प्लसवर एकाच पट्ट्याचे आकडे कितीही यंत्रं एकाच वेळी वाचू शकतात. ब्लूटूथवर मात्र जुन्या पट्ट्यांना एका वेळी एकच यंत्र चालतं, नव्यांना बहुतेक दोन.

मनगटी घड्याळ आधीच असेल तर त्यावर सुरुवात करायला हरकत नाही, पण त्याच्या मर्यादा माहीत असाव्यात. घड्याळ हिरवा प्रकाश कातडीत सोडतं आणि रक्ताच्या लाटेबरोबर परत येणाऱ्या प्रकाशात होणारा फरक मोजतं. सायकलवर मनगट वाकलेलं असतं, मूठ आवळलेली असते, आणि आपल्या रस्त्यांवरचे हादरे थेट हँडलमधून मनगटात येतात. अशा वेळी घड्याळ गडबडतं, विशेषतः चढ अचानक सुरू झाला की. दंडावर बांधायचा प्रकाशाचा सेन्सर त्यापेक्षा बराच चांगला चालतो. छातीवर पट्टा घट्ट वाटतो म्हणणाऱ्यांनी तो घ्यावा. छातीचा पट्टा मात्र हृदयाचा विजेचा इशाराच टिपतो, दवाखान्यातल्या ईसीजीचं तेच तत्त्व. फिनलंडच्या पोलार कंपनीनं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला खेळाडूंसाठी बिनतारी पट्टा बाजारात आणला, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे.

पट्टा नीट बांधणं

सगळ्यात जास्त तक्रारी इथेच येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पट्ट्याच्या आतल्या अंगाला दोन गुळगुळीत रबरी तुकडे दिसतील. तेच इलेक्ट्रोड. कोरड्या कातडीवर ते काम करत नाहीत. बांधायच्या आधी नळाखाली धरून किंवा बोटानं पाणी लावून ते चांगले ओले करा. घाम आला की आपोआप चालू होईल म्हणून कोरडाच बांधला तर पहिली दहा-पंधरा मिनिटं आकडे हवेत फिरतात. पट्ट्याची जागा छातीच्या स्नायूंच्या बरोबर खाली, मधलं यंत्र छातीच्या हाडावर. बायकांनी स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीला लागून खाली बांधावा. एक बोट जेमतेम आत जाईल इतका घट्ट हवा. बांधल्यावर खोल श्वास घ्या, वाका, हँडल धरल्यासारखे हात पुढे करा. तेवढ्यात तो सरकला तर दोन-तीन किलोमीटरमध्ये पोटावर येणार हे नक्की.

आता आपल्याकडच्या हिवाळ्याची एक खास गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत सकाळची हवा कोरडी असते, घाम लवकर येत नाही, आणि उतारावर सैल जर्सी छातीवर फडफडत राहते. सिंथेटिक कापड असं घासलं की स्थिर वीज तयार होते आणि पट्टा तिलाच ठोके समजतो. तुम्ही पायडलसुद्धा न मारता उतार उतरताय आणि स्क्रीनवर २१०, २२० असले आकडे. घाबरून जाऊ नका. अशा वेळी छाती शांत असते, दम लागलेला नसतो, आणि चढ लागून घाम आला की आकडा गुमान जागेवर येतो. उपाय साधे आहेत. निघताना पट्टा जास्त ओला करा, शक्य झाल्यास मेडिकलमधून ईसीजी जेलची छोटी बाटली आणून एक थेंब लावा, आणि अंगाबरोबर बसणारी जर्सी घाला. हे सगळं करूनही, आणि बसून आराम केल्यावरही आकडा विनाकारण उंच राहत असेल, किंवा छातीत धडधड खरोखर जाणवत असेल, तर तो पट्ट्याचा दोष समजू नका, डॉक्टरांकडे जा.

राइड संपली की मधलं यंत्र पट्ट्यावरून काढून ठेवा. ओला पट्टा यंत्राला तसाच जोडलेला राहिला तर अजून छातीवरच आहोत असं समजून ते चालूच राहतं आणि आतला नाण्यासारखा सेल (बहुतेकदा सीआर२०३२) भराभर संपतो. पट्टा साध्या पाण्यानं धुवून सावलीत वाळवा. घामातलं मीठ इलेक्ट्रोडवर साचू दिलं तर काही महिन्यांत पट्टा बाद होतो.

कॉम्प्युटर बसवणं आणि चाकाचा घेर

जीपीएसवाल्या कॉम्प्युटरला सुरुवातीला चाकाचा घेर सांगायची गरज नसते. पण वायरचा किंवा चुंबकवाला साधा कॉम्प्युटर असेल तर सगळं गणित त्या एका आकड्यावर चालतं. चाकाच्या तारेवरचं चुंबक फोर्कवरच्या सेन्सरसमोरून गेलं की एक फेरा धरला जातो, आणि फेरे गुणिले घेर म्हणजे अंतर. चुंबक आणि सेन्सर यांच्यात दोन-तीन मिलिमीटरच फट ठेवा. चाक हातानं फिरवून आकडा येतोय का ते बघा आणि चुंबक कुठे घासत नाही याची खात्री करा.

पुस्तिकेत टायरच्या मापाप्रमाणे तक्ता असतो. ७००×२३सी टायरला २०९६ मिलिमीटर, ७००×२५सीला २१०५, ७००×२८सीला २१३६. टायर बदलल्यावर हा आकडा बदलायचं बरेच जण विसरतात. २८चा टायर टाकून २०९६च ठेवलं तर शंभर किलोमीटरला अठ्ठ्याण्णवच दिसतात. तक्त्यापेक्षा स्वतः मोजलेलं उत्तम. टायरमध्ये नेहमीची हवा भरा. फरशीवर किंवा कोब्यावर खडूनं एक रेघ मारा आणि पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर खाली, रेघेवर आणा. आता सायकलवर बसा, कुणीतरी बाजूनं धरू दे, आणि सरळ रेषेत पुढे जात व्हॉल्व्ह तिसऱ्यांदा खाली आला की तिथे दुसरी रेघ मारा. दोन रेघांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून तिनानं भागा. सायकलवर बसूनच मोजायचं, कारण आपल्या वजनानं टायर थोडा दबतो आणि घेर कमी होतो. पडताळा घ्यायचा तर रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर घ्या, पण एका दगडावर विसंबू नका, सलग पाच-सहा दगडांची बेरीज धरा.

आजकाल हबवर बसणारे बिनचुंबकाचे वेग-सेन्सर मिळतात. जीपीएसबरोबर जोडले की ते घेर आपोआप शिकतात. मग जीपीएस असताना ते कशाला, असं वाटेल. कुसमळीच्या पुढे कणकुंबीकडे झाडी दाट होते, घाटाच्या वळणांवर डोंगर आडवा येतो, आणि अशा ठिकाणी जीपीएसचा वेग कमी-जास्त उड्या मारतो. चाकाला मात्र झाडीचा काही फरक पडत नाही. नुसत्या जीपीएसवर चालवत असाल तर निदान दोन गोष्टी करा. निघताना इमारतीच्या आडोशाला न राहता उघड्यावर मिनिटभर थांबून उपग्रह सापडू द्या, आणि नोंद दर सेकंदाला होईल असं सेटिंग ठेवा, नाहीतर घाटातली वळणं कापली जातात.

माउंट हँडलच्या मधोमध बसवा आणि कॉम्प्युटरची बारीक दोरी हँडलला गुंडाळा. रबराच्या रिंगा उन्हानं कडक होतात आणि खड्ड्यात गेलं की कॉम्प्युटर उडून पडतो.

घरीच पेअर करा

पहाटे चौकात ग्रुप जमल्यावर पेअरिंग करायला बसू नका. दहा जणांच्या छातीवर दहा पट्टे असतात आणि तुमचा कॉम्प्युटर शेजारच्याचा पट्टा धरू शकतो. मग तुम्ही आरामात आणि आकडा १७०. घरी, पट्टा ओला करून अंगावर बांधा, कॉम्प्युटरच्या सेन्सर मेनूत जाऊन शोध लावा, आणि दिसणारा सेन्सर क्रमांक लिहून ठेवा. एकदा जोडला की पुढच्या वेळी तो आपोआप सापडतो. पट्टा सापडतच नसेल तर मोबाइलमधलं एखादं ॲप त्याचं ब्लूटूथ आधीच धरून बसलंय का ते बघा. ते बंद केलं की बहुतेक वेळा काम होतं.

त्याच बैठकीत वय, वजन, उंची भरा. ऑटो-पॉज म्हणजे थांबल्यावर घड्याळ आपोआप थांबण्याची सोय. शहरात ती चालू ठेवली तरी चालेल, पण पुढेमागे बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करायचं मनात असेल तर एकूण लागलेला वेळ स्क्रीनवर वेगळा दिसू द्या. दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. त्यात पंक्चर, चहा, इडली सगळं धरलेलं असतं, आणि नुसता चालण्याचा वेळ बघून निवांत बसलेली माणसं शेवटी धावपळ करतात.

स्क्रीनवर काय ठेवायचं

पहिल्या पानावर चारच आकडे : ठोके, केडन्स, अंतर, वेळ. केडन्स म्हणजे मिनिटाला पायडलचे फेरे. वेग दुसऱ्या पानावर टाका, सुरुवातीला तिकडे बघूच नका. चढासाठी तिसरं पान करायचं असेल तर ठोके, चढाची टक्केवारी आणि एकूण चढलेली उंची. याहून जास्त चौकोन केले तर अक्षरं बारीक होतात आणि डोळे रस्त्यावरून हटतात. आपल्याकडे ऊस गाळपाच्या दिवसांत निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, अंधारात त्यांच्या मागे दिवाही नसतो. स्क्रीनवर एका नजरेपेक्षा जास्त वेळ बघायचं नाही. म्हणून ठोक्यांची वरची मर्यादा ओलांडली की बीप वाजेल असा अलर्ट लावून ठेवा. कान काम करतात, डोळे रस्त्यावर राहतात.

आपले आकडे ओळखणं

आधी विश्रांतीचे ठोके. सकाळी जाग आल्यावर, उठण्याआधी, अंथरुणातच मिनिटभर मोजा. आठवडाभर मोजून सरासरी घ्या. हा आकडा पुढे फार उपयोगी पडतो. एखाद्या सकाळी तो नेहमीपेक्षा सात-आठनं जास्त दिसला तर झोप अपुरी आहे, ताप येऊ घातलाय, किंवा आदल्या दिवशीची मेहनत अजून अंगात आहे. त्या दिवशी सायकल हळू चालवा किंवा ठेवूनच द्या.

मग जास्तीत जास्त ठोके. २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. दुसरं एक सूत्र २००१ साली आलं, २०८ वजा वयाच्या ०.७ पट. चाळिशीत दोन्हींचं उत्तर एकच येतं, १८०. साठीला मात्र पहिलं १६० सांगतं आणि दुसरं १६६. दोन्ही सूत्रं पुष्कळ माणसांच्या सरासरीवरून काढलेली आहेत, एकट्या माणसाचा खरा आकडा त्यापेक्षा दहा-बारानं सहज वर-खाली असतो. म्हणून सूत्रानं आलेला आकडा सुरुवातीपुरता धरा, त्यावर भांडू नका.

झोन म्हणजे मेहनतीप्रमाणे पाडलेले ठोक्यांचे टप्पे. ते काढायची सोपी रीत अशी. समजा जास्तीत जास्त १८० आणि विश्रांतीचे ६०. फरक १२०. या फरकाचे साठ टक्के म्हणजे ७२, सत्तर टक्के म्हणजे ८४. त्यात विश्रांतीचे साठ मिळवले की १३२ ते १४४. हा तुमचा सहनशक्ती वाढवणारा टप्पा, ज्याला सायकलवाले झोन दोन म्हणतात. आकडा खरा की खोटा हे तुमचा श्वास सांगेल. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. "अरे, थांब, जरा" असे तुकडे पडायला लागले की झोन सुटला. आकडा आणि बोलणं जुळलं नाही तर बोलणं खरं धरा आणि आकडा बदला.

दोन-तीन महिने नियमित चालवल्यावर, तब्येत ठणठणीत असेल तर, थ्रेशोल्डची, म्हणजे जास्तीत जास्त किती मेहनत बराच वेळ टिकते त्या मर्यादेची, चाचणी करता येते. चांगला वॉर्म-अप करून अर्धा तास एकट्यानं, एकसारखं, जेवढं टिकेल तेवढं जोरात चालवायचं. दहा मिनिटं झाली की लॅपचं (तिथून नवी मोजणी सुरू करणारं) बटण दाबायचं आणि उरलेल्या वीस मिनिटांची ठोक्यांची सरासरी बघायची. समजा ती १६० आली. मग झोन दोन म्हणजे तिच्या ८१ ते ८९ टक्के, १३० ते १४२, आणि खरी कठीण मेहनत १५०च्या पुढे. यासाठी सिग्नल आणि गावातली गर्दी नसलेला रस्ता हवा. पिरनवाडी सोडल्यावर किणयेच्या बाजूचा रस्ता पहाटे बरा असतो, पण गोव्याची वाहनं सुरू व्हायच्या आत आटोपा.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी, घरात हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही चाचणी करू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्या, ज्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात, ठोके मुद्दाम खाली ठेवतात. त्या चालू असताना वरची सगळी गणितं चुकतात. अशांनी श्वासावर आणि बोलण्यावरच चालवावं. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, डोळ्यांसमोर अंधारी, थंड घाम, यापैकी काही झालं तर स्क्रीनवर आकडा कितीही चांगला असो, तिथेच उतरायचं आणि मदत मागायची.

पहिले काही आठवडे

सुरुवातीच्या राइड झोन दोनमध्येच ठेवा, आणि फार हळू वाटलं तरी ठेवा. नव्या माणसाला सर्वात कठीण जातं ते हेच. जोड्या-जोड्यांनी माणसं पुढे निघून जातात आणि आपण मागे. जाऊ द्या. सांबऱ्याचा रस्ता त्यातल्या त्यात सौम्य आहे, तिथे ठोके धरून ठेवायची सवय लावा. छोटा चढ आला की मोठ्या गिअरवर उभं राहून ढकलायच्या आधी गिअर हलका करा, पाय मिनिटाला ऐंशीच्या आसपास फिरू द्या. जड गिअरवर पन्नास-साठ फेऱ्यांनी चढलं तर गुडघे आधी बोलतात. सगळ्यात हलक्या गिअरवरही ठोके आवरत नसतील तर मेकॅनिककडून मागे बत्तीस किंवा चौतीस दातांचा मोठा कॅसेट (मागच्या चाकावरचा गिअरच्या चकत्यांचा संच) बसतो का ते विचारा. आपल्या भागात हा खर्च नकाशावाल्या कॉम्प्युटरपेक्षा जास्त कामी येतो.

आता चढ. येळ्ळूरच्या पुढचा राजहंसगड शिकायला उत्तम, कारण तो आखूड आणि उभा आहे. ठोके मेहनतीच्या मागून येतात, हे तिथे पहिल्यांदा नीट समजतं. पाय पहिल्या वळणालाच पूर्ण जोर लावतात, आणि स्क्रीन अजून १३० दाखवत असते. वाटतं, अजून बराच दम शिल्लक आहे. मिनिट-दीड मिनिटानं आकडा धडाधड १६०, १७०, १७५ होतो, तोवर पायांत आग पेटलेली असते आणि गडाचा उभा भाग अजून समोर असतो. म्हणून चढाच्या पहिल्या एक तृतीयांश भागात स्क्रीनकडे बघू नका, श्वासाकडे लक्ष द्या आणि मुद्दाम हात राखून चालवा. तिथून पुढे आकडा खरा बोलायला लागतो, मग त्याच्या भरवशावर जोर वाढवा. आमच्याकडे जुनी मंडळी मागून ओरडतात, "एवढं जोरात का मारायलास रे, पुढं चढ हाय की!" पट्टा तेच सांगतो, फक्त मिनिटभर उशिरा.

वर पोचल्यावर पायडल थांबवून एका मिनिटात ठोके किती उतरले ते बघा. तयारी वाढत जाते तसा हा उतार जलद होतो. मला स्वतःला सरासरी वेगापेक्षा हा आकडा जास्त आवडतो.

लांब चढाचं वागणं वेगळं. चोर्ल्याचा रस्ता बेळगावकडून जाताना मलप्रभा ओलांडून पठारावरून खाली-वर होत जातो. खरा घाट गोव्याच्या केरीकडून परत वर येताना लागतो. उतरताना ठोके पार खाली गेलेले असतात, अंग गार पडलेलं असतं. खाली पोचल्या पोचल्या वळून चढायला लागू नका. पाच-दहा मिनिटं सपाटीवर हलकं चालवा, दोन घोट पाणी घ्या आणि झोन तीनच्या, म्हणजे झोन दोनच्या लगेच पुढच्या टप्प्याच्या, वर न जाता चढायला सुरुवात करा. जंगलात मोबाइलच्या नेटवर्कचा भरवसा नाही, त्यामुळे रस्ता आणि नकाशा आदल्या दिवशीच कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्या आणि घरी वेळ सांगून निघा.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक गोष्ट दिसेल. पहिल्या तासाला १३५वर चाललेली राइड, तोच वेग, तोच रस्ता, दुसऱ्या तासाला १४८वर जाते. अंगातलं पाणी कमी होतं, रक्ताचा काही भाग कातडी गार करायला जातो, आणि तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके टाकावे लागतात. अशा वेळी वेग टिकवायचा हट्ट सोडा, ठोके टिकवा. आणि पाणी तहान लागायच्या आधीपासून प्या. लिंबू, मीठ, साखर घातलेली एक बाटली पुरेशी असते, महागडी पुडी लागत नाही.

पाऊस

खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातला पाऊस कुणाला सांगायला नको. बहुतेक कॉम्प्युटर आयपीएक्स७ दर्जाचे असतात, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतात. पावसापेक्षा घरी आल्यावरची घाई जास्त घात करते. चार्जिंगच्या झाकणाखाली ओल असताना केबल लावली की पिना गंजतात. आधी पुसा, रात्रभर वाळू द्या, मग चार्ज करा. टचस्क्रीन असेल तर पावसाचे थेंबच पानं उलटतात आणि राइड बंदही करतात, म्हणून निघताना स्क्रीन लॉक करा. उंची हवेच्या दाबावरून मोजणाऱ्या कॉम्प्युटरला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. ते चिखलानं किंवा पाण्यानं बुजलं की सपाट रस्ताही घाट दिसतो. टाचणी घालू नका, साध्या पाण्याची हलकी धार सोडा. ढग दाटले की हवेचा दाब बदलतो आणि उंचीचा आकडाही सरकतो, त्यामुळे मधूनमधून तो जुळवून घ्यावा. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. स्थानकापाशी थांबून कॉम्प्युटरमध्ये तोच आकडा भरला की काम झालं.

घरी आल्यावर

राइड ॲपवर चढवण्याआधी घराभोवतीचा भाग लपवण्याचं सेटिंग चालू करा. तुमची सायकल कुठल्या गल्लीतून किती वाजता निघते हे सगळ्यांना कळायची गरज नाही.

मग आलेख बघा, पण रोज सगळं चाळत बसू नका. राइडचे दोन सारखे भाग करून दोन्हींतला वेग आणि ठोके ताडून बघितले तरी पुरे. सौम्य रस्त्यावर, वारा नसताना, तेवढ्याच वेगाला दुसऱ्या भागात ठोके पाच टक्क्यांच्या आत वाढले असतील तर तेवढ्या अंतराची तयारी झाली आहे, अंतर वाढवायला हरकत नाही. जास्त वाढले असतील तर अजून काही आठवडे तेवढंच चालवा.

आणि इथे वेगाला पहिल्यांदा जागा द्या. एक ठरावीक तुकडा निवडा, उदाहरणार्थ पिरनवाडी ते किणये. महिन्यातून एकदा, पहाटे, वारा पडलेला असताना, तो पूर्ण तुकडा १४० ठोक्यांवर धरून चालवा आणि दोन्ही टोकांना लॅपचं बटण दाबा. वेळ वहीत लिहा, शेजारी त्या दिवसाची हवा आणि आदल्या रात्रीची झोप लिहा. पहिले दोन महिने फारसा फरक दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून, त्याच १४० ठोक्यांवर, वेळ कमी व्हायला लागते.